पेनच्या हातातली सनद

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलच्या टोकावर पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याचा ३७ फुटी ब्रॉन्झचा पुतळा आहे. पुतळ्यासकट इमारतीची उंची ५४८ फूट. १८९४ मध्ये तो वर चढवला, आणि त्याचं तोंड ईशान्येकडे ठेवलं. त्या दिशेला डेलावेअर नदीकाठी शॅकामॅक्सन नावाची जागा आहे. तिथल्या एका एल्मच्या झाडाखाली १६८२ मध्ये पेन आणि तिथले मूळ रहिवासी असलेल्या लेनापे लोकांचा प्रमुख तामानेंड यांच्यात मैत्रीचा करार झाला, असं पेनसिल्व्हेनियातल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. त्या कराराचा कागद कुणाकडेच नाही. पुतळ्याच्या हातात जो कागद आहे तो इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं १६८१ मध्ये पेनला दिलेल्या सनदेचा. नजर कराराच्या जागेकडे आणि मुठीत राजाची सनद. या वसाहतीच्या जन्माबद्दल मला जे म्हणायचंय ते या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

जानेवारी २०२४ मध्ये याच शहरात पेनच्या दुसऱ्या, छोट्या पुतळ्यावरून वाद झाला. पेन ज्या जहाजानं आला त्या ‘वेलकम’चं नाव दिलेलं वेलकम पार्क नावाचं एक लहानसं उद्यान आहे. अमेरिकी सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसनं त्याची फेररचना करायचं ठरवलं. प्रस्तावात पेनचा पुतळा काढून टाकणं आणि तिथे मूळ रहिवाशांच्या इतिहासाला जागा देणं, असं दोन्ही होतं. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच प्रस्ताव मागे घेतला गेला. एका बाजूचं म्हणणं, पेनसारखा सज्जन वसाहतकार दुसरा झाला नाही. दुसरी बाजू म्हणे, वसाहतकार तो वसाहतकारच. दोघांनीही माणसाचीच परीक्षा घेतली आणि विषय तिथेच संपला.

माझ्या मते पेन सज्जन होता. पुतळा काढायची गरज नव्हती, हेही मला पटतं. पण सज्जनपणाची चर्चा करत बसलो की खरा प्रश्न बाजूला पडतो. पेननं लेनापेंशी जी वागणूक ठेवली ती त्याच्या मुलांवर बंधनकारक का ठरली नाही? तीनशे वर्षांनंतर लेनापे न्यायालयात गेले तेव्हा त्या मैत्रीचा त्यांना काडीचाही उपयोग का झाला नाही? २०२६ हे अमेरिकी स्वातंत्र्याचं अडीचशेवं वर्ष. संस्थापकांच्या कथा पुन्हा रंगवून सांगितल्या जाण्याचा हा काळ. म्हणून ही कथा १६८२ च्या झाडाखाली थांबवू नये, पुढे न्यावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

या कथेचा एक सोपा साचा आहे. डच आले ते व्यापारी, त्यांनी मॅनहॅटन २४ डॉलरला पदरात पाडून घेतलं. इंग्रज आले ते तोफा घेऊन. क्वेकर, म्हणजे पेनच्या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचे लोक, आले आणि त्यांनी प्रेमानं, रीतसर मोबदला देऊन जमीन घेतली. हा साचा मुळातच चुकीचा आहे, कारण जमीन विकत घेण्याची पद्धत क्वेकरांनी आणलेली नव्हती. डचांनी ती आधीच रुळवली होती.

५ नोव्हेंबर १६२६ च्या एका पत्रात डच अधिकारी पीटर स्खागेन आपल्या वरिष्ठांना कळवतो की आपल्या लोकांनी मॅनहॅटन बेट ६० गिल्डरांना (डच नाण्यांना) घेतलं आहे. त्याच पत्रात जहाजातून आलेल्या मालाची यादी आहे, आणि तिची सुरुवात बीव्हर या केसाळ प्राण्याच्या ७२४६ कातड्यांनी होते. पुढे १६२९ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीनं नियमच केला, की मॅनहॅटनबाहेर जो कुणी वसाहत करील त्यानं तिथल्या रहिवाशांना जमिनीचा मोबदला द्यायचा. हा नियम वाचून आज बरं वाटतं. पण त्यामागचं मोठं कारण इंग्रज होते. त्या किनाऱ्यावर इंग्लंडचा राजाही दावा सांगत होता, आणि त्याला तोंड द्यायला डचांना हातात कागद हवा होता. खरेदीखत झालं लेनापेंशी, पण ते दाखवायचं होतं लंडनला.

म्हणूनच डेलावेअरच्या पश्चिम काठावरची तीच ती जमीन पुन्हापुन्हा ‘विकली’ गेली. १६३८ मध्ये स्वीडनसाठी ती घेतली पीटर मिन्यूटनं. मॅनहॅटनच्या खरेदीशी ज्याचं नाव जोडलं जातं तोच हा मिन्यूट, तोवर डचांची नोकरी सोडून स्वीडनच्या चाकरीत गेलेला. १६५१ मध्ये न्यू नेदरलँड या डच वसाहतीचा डायरेक्टर स्टायव्हसंट तिथे आला तेव्हा त्यानं लेनापे प्रमुखांना विचारलं, तुम्ही स्वीडिश लोकांना नेमकी किती जमीन दिली? मॅटाहॉर्न नावाच्या प्रमुखाचं उत्तर डचांनी नोंदवून ठेवलं आहे. मिन्यूटनं एक घर आणि सहा झाडांच्या मधे मावेल एवढा मळा, इतकीच जागा मागितली होती. बदल्यात एक किटली आणि किरकोळ वस्तू दिल्या. मळ्यात येईल त्यातला अर्धा तंबाखू देईन म्हणाला होता, तो कधीच मिळाला नाही.

अर्थात हे उत्तर डचांना सोयीचं होतं, आणि म्हणूनच त्यांनी ते हौसेनं लिहून घेतलं. तरी त्यातून लेनापेंची व्यवहाराची समज दिसते. सहा झाडांमधली जागा वापरायला दिली, पिकातला वाटा ठरला, म्हणजे नातं जोडलं गेलं. येणाऱ्यानं दरवर्षी भेट द्यायची, एकमेकांच्या अडीनडीला उभं राहायचं. नदी, शिकार, मासेमारी आणि येण्याजाण्याच्या वाटा त्या देवघेवीतून वगळल्या गेल्या आहेत, असं त्यांच्या मनातही नव्हतं. डचांच्या आणि स्वीडिश लोकांच्या दप्तरात मात्र त्याच व्यवहारानं कायमची मालकी बदलली.

या गैरसमजाची किंमत किती भयंकर असे ते डेलावेअर राज्यातल्या आजच्या लुईस गावाजवळ दिसलं. तिथे १६३१ मध्ये डचांनी स्वानेनडाल नावाची वसाहत केली. त्यांनी आपल्या देशाचं चिन्ह रंगवलेला पत्रा एका खांबावर ठोकला होता. एका लेनापे प्रमुखानं चिलीम करायला तो पत्रा काढून नेला. डचांनी त्यावरून एवढा आरडाओरडा केला की त्यांचं समाधान व्हावं म्हणून लेनापेंपैकी काहींनी त्या माणसालाच मारलं. मग मेलेल्याच्या आप्तांनी सूड उगवला आणि वसाहतीतले ३२ जण मारले गेले. डेव्हिड द व्रीस हा त्या वसाहतीचा एक भागीदार. १६३२ च्या अखेरीस तो तिथे पोचला तेव्हा जळकं घर आणि माणसांची हाडं तेवढी उरली होती. सूड घेण्याऐवजी त्यानं लेनापेंना बोलावलं, भेटी दिल्या आणि तह केला.

द व्रीसची पुढची हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. १६४३ च्या फेब्रुवारीत न्यू नेदरलँडचा तेव्हाचा डायरेक्टर विलेम कीफ्ट यानं मॅनहॅटनवरच्या न्यू ॲमस्टरडॅमहून नदीपलीकडे पॅव्होनियाला आश्रयाला आलेल्या आदिवासींवर रात्री हल्ला करायचं ठरवलं. ते लोक दुसऱ्या शत्रूच्या भीतीनं डचांच्या सावलीला आले होते. द व्रीसनं कीफ्टला परोपरीनं समजावलं. ऐकलं गेलं नाही. त्या रात्री तो कीफ्टच्या घरात स्वयंपाकघरातल्या चुलीपाशी बसून राहिला, आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याला पलीकडून किंकाळ्या ऐकू आल्या. त्यानं लिहून ठेवल्याप्रमाणे तिथे ८० माणसं मारली गेली, त्यात तान्ही मुलंही होती. दुसऱ्या तुकडीनं मॅनहॅटनवरच आणखी ४० मारली. शहाणा, अनुभवी, सज्जन माणूस त्याच छपराखाली बसलेला होता, पण हुकूम काढायचा अधिकार कंपनीच्या डायरेक्टरकडे होता. द व्रीसच्या शब्दाला किंमत होती ती त्याच्यापुरती, आणि तो स्वतः हजर असेल तेवढीच.

१६६४ मध्ये इंग्रजांनी हे सगळं डचांकडून घेतलं. दुसऱ्या चार्ल्सनं आपल्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला, तो मुलूख आधीच बहाल केला होता, आणि मग आरमार पाठवून ताबा घेतला. हा चार्ल्स म्हणजे आपल्याही ओळखीचा. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालनं मुंबई दिली ती यालाच, आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकणाराही हाच. १६८१ मध्ये त्यानं पेनला अमेरिकेतला प्रचंड प्रदेश दिला, कारण पेनच्या आरमारी वडिलांचे १६ हजार पौंड राजाकडे येणं होते. पेननं राजाला वर्षाला काय द्यायचं? विंडसरच्या किल्ल्यावर दर १ जानेवारीला बीव्हरची दोन कातडी. ज्यांच्या गावांवरून ही देवाणघेवाण झाली त्यांच्यापैकी कुणालाही या कागदांचा पत्ता नव्हता, मुंबईतही नाही आणि डेलावेअरकाठीही नाही.

आपल्याकडच्या राज्यकर्त्यांना मात्र याचा अंदाज यायला लागला होता. वेंगुर्ल्याला डचांची, म्हणजे वलंदेजांची, वखार होती. राजापूर-सुरतेत इंग्रज होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल स्पष्ट बजावलेलं आहे की हे इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या मागे त्याचा राजा आहे आणि राजाला जमिनीचा लोभ असतोच, म्हणून त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये. किनाऱ्यावर किल्ले, आरमार आणि दप्तर असलेल्या राज्याला शतकभराच्या अनुभवानं हे कळलं होतं. १६३८ मध्ये सहा झाडांमधली जागा देणाऱ्या मॅटाहॉर्नला किटली देणाऱ्याच्या पाठीमागे उभा असलेला राजा दिसण्याचा संभवच नव्हता.

आता पेन. इंग्लंडमध्ये श्रद्धेपायी तुरुंग भोगलेला हा माणूस. त्याच्या पंथाच्या लोकांना मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंटांनी १६५९ ते १६६१ या काळात फासावर चढवलं होतं, मेरी डायर त्यातलीच. न्यू ॲमस्टरडॅममध्ये स्टायव्हसंटनं क्वेकरांना आसरा देण्यावर बंदी घातली, तेव्हा १६५७ मध्ये जवळच्या फ्लशिंग गावातल्या इंग्रज रहिवाशांनी, स्वतः क्वेकर नसतानाही, त्याविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. अशा छळातून आलेल्या माणसांनी जी वसाहत उभारली तिच्यात श्रद्धेचं स्वातंत्र्य होतं, आणि सत्तरएक वर्षं तिला स्वतःचं लष्कर नव्हतं. ही कामगिरी खरी आहे. ती नाकारून कुणाचंच भलं होत नाही.

पण १८ ऑक्टोबर १६८१ ला पेननं लेनापेंना जे पत्र लिहिलं ते नीट वाचावं. त्यात तो सांगतो की माझ्या देशाच्या राजानं मला इथला मोठा प्रांत दिला आहे, मात्र तुमच्या प्रेमानं आणि संमतीनं तो उपभोगावा अशी माझी इच्छा आहे. आधी राजानं दिलं, मग तुमची संमती. संमती ही पेनची इच्छा होती. ती मिळाली नसती तर सनद रद्द होणार होती का? अजिबात नाही.

आणि त्याच वेळी लंडनमध्ये जमिनीची विक्री सुरू झाली होती. ५ हजार एकराला १०० पौंड असा भाव. पेन जहाजात बसण्याआधीच पाच लाखांहून जास्त एकर विकले गेले होते. लेनापेंबरोबरचं पहिलं खत झालं १५ जुलै १६८२ ला, पेनच्या वतीनं त्याचा नातलग विल्यम मार्कहम यानं केलेलं. त्यातली मोबदल्याची यादी अशी: वॅम्पम म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांच्या ३५० वाव माळा, २० पांढऱ्या घोंगड्या, २० किटल्या, २० बंदुका, ४० सदरे, ४० कुऱ्हाडी, ४० कुदळी, २०० चाकू, १०० टोचे, दोन मुठी सुया, दोन मुठी गळ, रमचे आणि बिअरचे पिंप, आणि वर ३०० गिल्डर. इंग्रज क्वेकराच्या खतात डच नाणी, कारण त्या नदीवर व्यवहार अजून त्याच नाण्यांत बोलले जात होते. यादीवरून दिसतं की घासाघीस झाली आहे, मागणाऱ्यांना आपल्याला काय हवं ते कळत होतं. फसवणुकीचा हा कागद नाही. पण लंडनच्या गिऱ्हाइकांना विकून झालेला माल नंतर मूळ धन्याकडून मिळवायचा, असा हा क्रम होता. अशा धंद्यात समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक किती उरते? आज पेनच्या मनात माया होती म्हणून ती थोडीफार होती. पुढे पेन नसेल तेव्हा काय, याची तजवीज कुठल्याच कागदात नव्हती.

पेन १७१८ मध्ये वारला. कर्जानं तो आधीच खचला होता, कर्जापायी काही काळ तुरुंगातही राहिला होता. सनद मुलांकडे गेली. मुलगा थॉमस पेन आणि वसाहतीचा कारभारी जेम्स लोगन यांनी १६८६ चं म्हणून एक जुनं खत पुढे केलं. त्यात म्हणे लेनापेंनी दीड दिवसात माणूस चालून जाईल तिथवरची जमीन दिली होती. लेनापे प्रमुखांना जो नकाशा दाखवला त्यात नद्यांची नावं अशी घातली होती की रेघ खूप अलीकडे थांबेल असं त्यांना वाटावं. २५ ऑगस्ट १७३७ ला लापाविन्सो, टिशकोहान, न्यूटिमस अशा प्रमुखांनी त्यावर आपल्या खुणा केल्या. वाट आधीच चाचपून, झाडझाडोरा तोडून मोकळी केलेली होती, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं.

१९ सप्टेंबर १७३७ च्या पहाटे राइट्सटाउनला, क्वेकरांच्या प्रार्थनागृहाजवळच्या चेस्टनटच्या झाडापासून, तीन माणसं निघाली. तिघांना बक्षीस कबूल केलेलं होतं. सोबत निघालेल्या लेनापेंना ती चाल झेपेना, कारण ती चाल नव्हतीच, पळणं होतं. काही वेळानं ते वैतागून परत फिरले. तिघांपैकी दोघे वाटेत गळाले. एडवर्ड मार्शल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुमारे १०० किलोमीटर दूर पोचला होता. तिथून नदीपर्यंतची रेघही सरळ न ओढता अशी तिरकी ओढली की आणखी मोठा पट्टा आत यावा. सगळी मिळून सुमारे १२०० चौरस मैल जमीन गेली. लापाविन्सोची तक्रार नोंदलेली आहे: थोडं चालायचं, मग बसून चिलीम ओढायची, मधेच एखादी खार मारायची, अशी चाल असते, दिवसभर पळत सुटायचं नसतं. १६८६ मध्ये, तो व्यवहार खरोखर झाला असेल तर, पेन जिवंत असताना, जोडीनं चालताना हेच अपेक्षित असणार.

पुढचं लवकर सांगता येईल. १७४२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सांगण्यावरून इरोक्वाय या शेजारच्या बलाढ्य जमातींच्या संघानं लेनापेंना तिथून निघायला फर्मावलं. १७५५ मध्ये याच गेलेल्या जमिनीवरच्या वस्त्यांवर लेनापेंचे हल्ले झाले. १७५६ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नरनं त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं आणि कवटीच्या कातड्यांचे भाव जाहीर केले, बारा वर्षांवरच्या पुरुषासाठी १३० स्पॅनिश डॉलर, बाईसाठी ५०. शॅकामॅक्सनच्या झाडानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, त्याच वसाहतीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात ईस्टनच्या वाटाघाटीत लेनापे नेता टीडयस्कंग पाय आपटून म्हणाला की या पायाखालचीच जमीन माझी होती आणि ती फसवून घेतली गेली.

आणि १७७१ मध्ये बेंजामिन वेस्ट या चित्रकारानं ते जगप्रसिद्ध चित्र काढलं: एल्मचं झाड, शांत चेहऱ्याचा पेन, कापडाचा तागा उलगडणारे व्यापारी, कुतूहलानं बघणारे लेनापे. शॅकामॅक्सनची जी प्रतिमा जगभर पसरली ती याच चित्रानं. ते काढून घेतलं थॉमस पेननं. ज्याच्या कारभारात १७३७ ची धाव झाली, त्यानंच १६८२ चं चित्र करवून घेतलं. कथा झाडाखाली थांबवण्याचं काम असं जाणूनबुजून, पैसे मोजून झालेलं आहे. म्हणून ‘इतिहासात ढवळाढवळ नको’ असं म्हणणाऱ्यांना मला सांगायचंय की ढवळाढवळ अडीचशे वर्षांपूर्वीच झाली.

यावर क्वेकरांची बाजू घेणारे म्हणतील, थॉमस तर बापाचा पंथ सोडून अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, झाला होता, त्याच्या पापाचं खापर क्वेकरांवर का? उलट क्वेकरांनीच १७५६ मध्ये युद्धाला मत देण्यापेक्षा विधिमंडळातल्या जागा सोडल्या. इस्रायल पेंबर्टनसारख्यांनी संस्था काढून, स्वतःचा पैसा घालून १७३७ च्या फसवणुकीची चौकशी मागितली. हे सगळं खरं आहे आणि त्यांच्या बाजूनं फार मोठं आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा उलट पक्काच होतो. बापाच्या मनातली श्रद्धा मुलात उतरली नाही, सनद मात्र उतरली. आणि श्रद्धेनं ठाम राहिलेले शेकडो क्वेकर त्या सनदेपुढे द व्रीससारखेच निरुपाय ठरले.

चांगुलपणाला नियमाचं बळ देणं या लोकांना जमत नव्हतं असंही नाही. १६८४ मध्ये ‘इझाबेला’ हे जहाज सुमारे १५० आफ्रिकी गुलाम घेऊन फिलाडेल्फियाला आलं आणि क्वेकर वसाहतकारांनी ते विकत घेतले. पेनकडेही गुलाम होते. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी, त्यात फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियसही होता, त्याविरुद्ध निवेदन लिहिलं. त्यांचा सवाल साधा होता: तुम्हाला कुणी असं धरून विकलं तर चालेल का? क्वेकरांच्या मासिक सभेनं ते निवेदन तिमाही सभेकडे ढकललं, तिमाहीनं वार्षिक सभेकडे, आणि तिथे ते बाजूला ठेवलं गेलं. पण विषय मेला नाही. बेंजामिन ले, जॉन वुलमन, अँथनी बेनेझेट अशी माणसं पिढ्यामागून पिढ्या टोचत राहिली, आणि १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं नियम केला की गुलाम बाळगील तो आमचा सदस्य नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली, पण शेवटी एका निवेदनातला विवेक सगळ्यांना बांधणारा नियम झाला. जमिनीच्या बाबतीत असा नियम कधीच आला नाही. फसवून मिळवलेल्या जमिनीवर जो घर बांधील तो आमचा नाही, असं कुठल्याच सभेनं म्हटलं नाही. ते घर सगळ्यांचंच होतं.

शेवटचा अंक आपल्या काळातला आहे. ओक्लाहोमातल्या डेलावेअर नेशननं, म्हणजे हाकलत हाकलत तिथवर नेलेल्या लेनापेंच्या वंशजांनी, २००४ मध्ये फेडरल न्यायालयात दावा लावला. १२०० चौरस मैल त्यांनी मागितले नाहीत. ईस्टनजवळचा सुमारे ३१५ एकरांचा एक तुकडा मागितला, जिथे आज क्रेयॉलाच्या रंगखडूंचा कारखाना आहे. २००६ मध्ये अपील न्यायालयानं दावा फेटाळला. त्याचं कारण असं, की फसवणूक झाली हे गृहीत धरलं तरी थॉमस पेनकडे राजाच्या सनदेनं आलेली सार्वभौम सत्ता होती, आणि सार्वभौमानं मूळ रहिवाशांचा हक्क कुठल्या मार्गानं संपवला हे न्यायालय तपासत नाही. सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. एल्मच्या झाडाखालच्या वचनाची त्या निकालात काही मातब्बरी नव्हती. लेनापे हरले ते राजाच्या सनदेमुळे.

म्हणून मला वाटतं की पुतळा हलवायचा की ठेवायचा यावर भांडण्यात शक्ती घालवू नये. पुतळा राहू दे, आणि हातातल्या कागदावर काय लिहिलंय ते पायथ्याशी कुणालाही वाचता येईल असं लावा. त्याच्या शेजारी १७३७ चा नकाशा लावा. राइट्सटाउनला त्या धावेच्या आरंभस्थानी १८९० मध्ये लोकांनी लेनापेंच्या स्मरणार्थ दगड उभारला आहे, तसं काही फिलाडेल्फियाच्या मध्यभागी का असू नये? आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘आम्ही लेनापेंच्या भूमीवर उभे आहोत’ असं वाचून दाखवण्याची जी पद्धत रुळली आहे तिच्यावर समाधान मानू नये. असं वाचून दाखवणं म्हणजे पुन्हा सदिच्छाच, आणि नुसत्या सदिच्छेचं काय होतं ते आपण आत्ताच पाहिलं.

न्यू जर्सीत आणि पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी माणसांनाही हे लागू आहे, म्हणून मराठीतून लिहितो आहे. पार्सिपनी, होबोकन, सिकॉकस, पसेइक ही आपल्या रोजच्या बोलण्यातली गावांची नावं लेनापेंची आहेत. घर घेताना टायटल तपासून घेतो, न्यू जर्सीत त्या टायटलची साखळी मागे गेली तर ड्यूक ऑफ यॉर्ककडून जमीन मिळालेल्या मालकांच्या मंडळांपर्यंत पोचते. पूर्व जर्सीचं ते मंडळ १९९८ पर्यंत अस्तित्वात होतं. आपण कुणाला हाकललं नाही हे खरं, पण राजाच्या सनदांचे लाभधारक आपणही आहोत. आणि मतदार म्हणून तिथल्या शाळांचे अभ्यासक्रम, स्मारकं, राज्याचे ठराव यांत आपला आवाज आहे.

न्यू जर्सी आणि डेलावेअर या राज्यांनी आपापल्या हद्दीतल्या लेनापे समूहांना मान्यता दिलेली आहे. पेनसिल्व्हेनियानं आजवर कुठल्याच आदिवासी राष्ट्राला दिलेली नाही. इथे आम्हीच खरे लेनापे म्हणणाऱ्या गटांबद्दल वाद आहेत, आणि हा वाद पुढे करून काहीच न करणं सोपं जातं. पण कुणाशी बोलायचं हे ठरवायला अडचण नाही. ओक्लाहोमात अनाडार्कोला डेलावेअर नेशन आहे, बार्टल्सव्हिलला डेलावेअर ट्राइब आहे, विस्कॉन्सिनमध्ये स्टॉकब्रिज-मन्सी समाज आहे. तिन्ही केंद्र सरकारनं मान्य केलेली राष्ट्रं आहेत, त्यांची निवडून आलेली मंडळं आहेत. हॅरिसबर्गच्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीतल्या, विधिमंडळानं १७३७ चा व्यवहार फसवणुकीचा होता असा ठराव करावा, या तिघांना कायदेशीर भागीदार मानावं, आणि राज्याच्या जमिनीतून काही जमीन परत देण्याची बोलणी त्यांच्याशी सुरू करावी. न्यायालयाचे हात बांधलेले असले तरी विधिमंडळाचे नाहीत. आणि शाळेच्या पुस्तकात १६८२ व १७३७ ही दोन सालं एकाच पानावर यावीत, त्या पानाचा मजकूर छापण्याआधी अनाडार्को आणि बार्टल्सव्हिलकडून मंजूर होऊन यावा.